होमब्रू रेंजर चौथ्या सेशनला अडगळीत का जातो? कारण आणि दुरुस्ती

तक्रार अशी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून आणि पात्रं वठवून टेबलावर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी तुम्ही स्वतःचा होमब्रू, म्हणजे घरी लिहिलेल्या नियमांचा, रेंजर आर्किटाईप (रानात माग काढणाऱ्या पात्राच्या क्लासचा एक उपप्रकार) बनवता. कागदावर तो झकास दिसतो आणि पहिली दोन सेशन खेळणारा खूश असतो. तिसऱ्या सेशनपासून तो आपली पाळी सोडून इतर वेळी मोबाईल बघायला लागतो. चौथ्याला म्हणतो, "मर्दा, माझा रेंजर नक्की काय कामाचा हाय सांग की." आणि पाचव्याला, "मी रोग घेऊ काय?" देवनागरीत लिहिलं की रोग (Rogue, चोरट्या भामट्याचा) क्लासची सगळी अब्रूच जाते, पण त्याला इलाज नाही.

माझ्याकडे हे चार वेळा झालं. तीनदा एकाच माणसाबरोबर, म्हणजे माझ्या मावसभावाबरोबर. त्याला रेंजरशिवाय काही खेळायचंच नसतं. आमचं टेबल कोल्हापुरात राजारामपुरीत, एका मित्राच्या घरी वरच्या खोलीत, रविवारी दुपारी चारला बसतं. पाच माणसं, एक पंखा, भडंगाचं एक मोठं पातेलं. मित्राच्या आईला अजून वाटतं की रेंजर म्हणजे फॉरेस्टातला साहेब. चूक त्यांची नाही, आपल्याकडं वनक्षेत्रपालाला रेंजरच म्हणतात. "आज तुमच्या रेंजरसाहेबांनी काय केलं?" असं त्या चहा घेऊन आल्या की विचारतात, आणि बऱ्याच रविवारी खरं उत्तर "काही नाही" असंच असायचं.

ज्यांचा रेंजर असाच पडून राहतो त्यांनी खालच्या गोष्टी याच क्रमानं तपासाव्यात. मी क्रम चुकवला आणि त्यात एक अख्खं वर्ष गेलं.

पुट्टी लावू नका

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगला ब्लोहोल आले की नवशिक्या माणसाचा पहिला विचार भोक बुजवण्याचा असतो. वरून फिलर मारला, रंग दिला की माल डोळ्याला चांगला दिसतो. मशिनिंगला गेल्यावर टूल त्याच जागी आत शिरतं आणि आणखी चार भोकं उघडी पडतात. दोष पृष्ठभागावर नसतोच. वाळूत ओलावा जास्त असतो, किंवा गॅस बाहेर पडायला वाट नसते.

हे रोज बघणारा मी रेंजरला मात्र पुट्टीच लावत बसलो. तो मागं पडतोय म्हणून डॅमेज वाढवला. ठरावीक शत्रूवर जादा २ दिलं. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मूळ नियमांत आवडत्या शत्रूविरुद्ध जादा डॅमेज नव्हताच, माग काढायला आणि त्या प्राण्याबद्दल माहिती आठवायला दोन फासे टाकून चांगला घ्यायची मुभा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज होता. मला ते मिळमिळीत वाटलं. पण हिशेब मांडून बघा. पाचव्या लेव्हलला दोन हल्ले, लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली, तर जादा २ डॅमेज म्हणजे फेरीला सरासरी २.६. तो शत्रू पाच लढायांत एकदाच समोर येत असेल तर सगळ्या मोहिमेचा हिशेब फेरीला ०.५२. एवढ्यासाठी मी अर्धं पान नियम लिहिला होता. आणि ज्या रविवारी तो शत्रू येत नसे, त्या रविवारी मावसभावाची नजर माझ्याकडं, जणू मी मुद्दाम त्याच्या पोटावर पाय देतोय.

मग मी अट काढून टाकली आणि सगळ्यांवरच डॅमेज दिला. त्याच्या पाळीला आता मोठे आकडे पडायला लागले. बाकीचा वेळ मोबाईल.

डॅमेज खरंच कमी आहे का हे एकदा मोजा आणि विषय संपवा. लांब धनुष्य, डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक ४, दोन हल्ले, ६५ टक्के: फेरीला साधारण ११. त्यावर हंटर्स मार्कचा (सावजावर खूण करायचा रेंजरचा मंत्र) डी६ आला की साडेपंधराच्या वर. ही काही उपाशी माणसाची अवस्था नाही. बहुतेक वेळा डॅमेज ठीक असतो आणि खेळणाऱ्याला तक्रारीसाठी दुसरा शब्द सापडत नसतो म्हणून तो डॅमेज म्हणतो.

एक गोष्ट मात्र इथंच बघून घ्या, पाळीला एकदाच मिळणारी छोटी जादा कृती: बोनस अ‍ॅक्शन. मार्क लावायला बोनस अ‍ॅक्शन, मार्क हलवायला बोनस अ‍ॅक्शन, दुसऱ्या हातातलं हत्यार चालवायलाही बऱ्याचदा तीच, आणि वरून तुमच्या आर्किटाईपचं चमचमीत वैशिष्ट्यही तिच्यावरच. एका खिडकीवर चार गिऱ्हाइकं. कॉन्सन्ट्रेशनचंही तेच, ते लागणारा एकच मंत्र एका वेळी चालू ठेवता येतो. २०२४ च्या सुधारित नियमांत क्लासची बरीच वैशिष्ट्यं मार्कभोवतीच बेतली आहेत. १३ व्या लेव्हलला मार खाल्ल्यानं मार्कवरचं कॉन्सन्ट्रेशन तुटत नाही, २० व्याला मार्कचा डी६ डी१० होतो. अशा क्लासला तुम्ही आर्किटाईपमधून कॉन्सन्ट्रेशन लागणारा आणखी एक देखणा मंत्र दिलात तर तो मंत्र धूळ खात पडणार. हे दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, करून टाका. पण रेंजर तेवढ्यानं टेबलावर परत येत नाही.

खरी गळती

वर्षभरानंतर एका प्रवासाच्या सेशनमध्ये मला ती दिसली. पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, तीन दिवसांचं जंगल ओलांडायचं होतं. मी आठवडाभर तयारी केलेली: दलदल, तुटलेला साकव, पाण्याची टंचाई. मी वर्णन सुरू केलं आणि मावसभाऊ म्हणाला, "जंगल माझा आवडता प्रदेश हाय. आम्ही वाट चुकत न्हाय, चाल मंदावत न्हाय, अन्न दुप्पट मिळतंय." सगळं नियमाप्रमाणंच. २०१४ च्या रेंजरच्या नॅचरल एक्सप्लोरर या वैशिष्ट्यात जादूशिवाय दुसऱ्या कशानं वाट चुकत नाही, अवघड जमिनीचा गटाच्या प्रवासावर परिणाम होत नाही. वर त्याच्याकडं गुडबेरी होती: पहिल्या पातळीचा मंत्र, दहा बोरं, एका बोरावर एका माणसाचा दिवस. मी म्हटलं, "बरं, मग तुम्ही तीन दिवसांनी पलीकडं पोचलात." चाळीस सेकंदांत जंगल संपलं.

तो जिंकला होता आणि त्याचं काम गेलं होतं. ज्या एका ठिकाणी त्याच्याशिवाय टेबल अडलं असतं, ते ठिकाणच त्याच्या वैशिष्ट्यानं पुसून टाकलं. फायटरला कुणी "लढाई आली की तू आपोआप जिंकतोस, पुढं चला" असं वैशिष्ट्य देत नाही. रेंजरला आपण हेच देतो आणि त्याला ताकद म्हणतो.

आपले बहुतेक होमब्रू याच साच्यातून निघतात. वाळवंटाचा रेंजर, त्याला उन्हाचा त्रास नाही. बर्फाचा रेंजर, त्याला थंडी वाजत नाही. दलदलीचा रेंजर, त्याचा पाय रुतत नाही. प्रत्येकाला एक जागा दिली आणि त्या जागेतली एकुलती एक गंमत काढून घेतली.

हा घोळ माझ्या-तुमच्यापासून सुरू झालेला नाही, हे जरा दिलासा म्हणून सांगतो. रेंजर पहिल्यांदा छापून आला १९७५ साली, एका मासिकात. १९७८ च्या नियमपुस्तकात तो फायटरचा पोटक्लास होता. राक्षसवर्गातल्या शत्रूंना दर घावाला त्याच्या लेव्हलइतका जादा डॅमेज, आणि तीनपेक्षा जास्त रेंजर एकत्र राहायचे नाहीत असा नियम. १९८९ ला दोन्ही हातांत हत्यारं आली. २००८ ला मंत्र गेले. २०१४ ला मंत्र होते, पण लोक इतके नाराज झाले की २०१६ मध्ये सुधारलेला रेंजर चाचणीसाठी बाहेर काढावा लागला. २०२० ला पर्यायी वैशिष्ट्यं आली, २०२४ ला पुन्हा नवी मांडणी. पन्नास वर्षांत हत्यारं, मंत्र, प्राणी, शत्रू सगळं बदलून झालं. फायटर, विझर्ड (जादूगार) यांच्या बाबतीत एवढी उलथापालथ दर वेळी होत नाही, कारण ते टेबलावर काय *करतात* याबद्दल वाद नाही.

दाजीपूरला काय दिसलं

मला उत्तर नियमपुस्तकात मिळालं नाही. मेच्या आधी आम्ही घरचे दाजीपूरला गेलो होतो. राधानगरी अभयारण्य म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं, १९५८ चं, गव्यांसाठी राखलेलं. आमच्याबरोबर तिथल्याच एका वाडीतला वाटाड्या होता, साठीच्या पुढचा, पायात स्लीपर. एका ठिकाणी तो थांबला, शेणाच्या पोवाजवळ वाकला, काडीनं वरची साय उकलली. आतून ओलं. "सकाळचं हाय. वरनं धरलंय, आत न्हाय." मग दोन पावलं पुढं जाऊन खुराचा ठसा दाखवला. ठशात एक गवताचं पातं चेपलेलं होतं आणि ते अजून हिरवं होतं.

माझ्या आतल्या डीएमला (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) वाटलं, आता हा सांगणार गवा कुठं आहे. तो तसं काहीच म्हणाला नाही. म्हणाला, "हिकडनं गेलो तर सावली हाय, पर वारा पाठीवर येतोय, त्याला आपला वास लागंल. वरनं गेलो तर ऊन लागंल, पर दिसंल. काय करायचं सांगा." आणि माझ्या बायकोकडं बघत उभा राहिला, कारण पोरगं तिच्या कडेवर होतं.

चार महिने मी जे शोधत होतो ते या दोन वाक्यांत होतं. त्याला इतरांपेक्षा जास्त दिसत होतं, आणि जे दिसलं त्याचं त्यानं आमच्यासाठी एक निवड करून दिली, दोन्ही बाजूंना किंमत लावून. त्यानं रान सोपं केलं नाही. आमच्यासाठी रान तोवर नुसती झाडी होती, त्याच्यामुळं ते रान झालं.

(आम्ही वरून गेलो. गवा दिसला नाही, शेपूट दिसलं.)

दुरुस्ती: वाटाड्या

घरी आल्यावर जुने चारही आर्किटाईप फाडले आणि एकच लिहिला. त्याचं नाव वाटाड्या. आर्किटाईपची वैशिष्ट्यं ३, ७, ११ आणि १५ व्या लेव्हलला येतात. त्यातलं तिसऱ्या लेव्हलचं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून तेच सविस्तर देतो.

नव्या प्रदेशात शिरताना, दिवसातून एकदा, वाटाड्या सर्व्हायव्हलचा (रानात निभावण्याच्या कौशल्याचा) रोल करतो. १० च्या खाली आला तरी त्याला एक प्रश्न मिळतो, १० ते १४ ला दोन, १५ आणि वर तीन. प्रश्न लगेच विचारायचे नाहीत, गाठीला बांधून ठेवायचे आणि दिवसभरात हवे तेव्हा काढायचे. प्रश्न डोळ्याला, कानाला, नाकाला कळेल अशाच गोष्टीबद्दल हवा. "राजवाड्यात कोण गद्दार आहे?" चालणार नाही. डीएमनं खरंच सांगायचं, आणि नुसतं हो किंवा नाही म्हणून सुटायचं नाही, वर एक ठोस गोष्ट जोडायची. त्या उत्तरावर विसंबून पार्टीतला जो कोणी पहिला रोल करेल त्याला अ‍ॅडव्हान्टेज.

सोबत नॅचरल एक्सप्लोरर पूर्ण काढून टाकला. वाटाड्या वाट चुकू शकतो, त्याचा पाय रुततो, त्याला भूक लागते. यावर मावसभाऊ दोन दिवस बोलला नाही.

प्रश्न विचारायची युक्ती माझी नाही. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' २०१० साली आला, त्याच्या पठडीतल्या खेळांत ती रुळलेली आहे. मी ती फक्त रेंजरच्या गळ्यात बांधली. पहिल्या मसुद्यात मी प्रश्न पात्राच्या विज्डमच्या मॉडिफायरवर आणि प्रोफिशियन्सीवर, म्हणजे समजेच्या आणि सरावाच्या आकड्यांवर ठेवले होते, ते दिवसाला सहा झाले, आणि सेशनची पोलीस चौकी झाली. तो विचारतोय, मी जबाब देतोय, बाकीचे भडंग खातायत. तीनच्या वर जाऊ नका.

आता प्रत्यक्ष काय झालं ते सांगतो. मोहिमेत पार्टी वेढा पडलेल्या गडावरून रात्री निसटत होती. कोल्हापूरच्या माणसानं असा प्रसंग लिहिला की त्याच्या डोळ्यासमोर पन्हाळा ते विशाळगडच असणार, मीही लपवलं नाही. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस, मसाईचं पठार, पुढं घोडखिंड. ती गोष्ट सांगताना आपण खिंडीवर लवकर पोचतो. पण खिंडीच्या आधी, त्या काळोखात, त्या चिखलात पुढं चालणाऱ्या कुणाला तरी प्रत्येक वळणावर ठरवावं लागलं असणार की आता डावीकडं का उजवीकडं. मला माझ्या टेबलावर तो माणूस हवा होता.

मी सांगितलं: पुढं ओढा आहे, गुडघाभर पाणी, ओलांडलात की झाडी, झाडीतून खाली गाव. पाऊस दुपारीच उघडला आहे. विझर्ड आमची वहिनी खेळते. ती म्हणाली, "चला की मग, मी पुढं होतो." (आमच्याकडं बायका 'मी होतो, मी जातो' असंच म्हणतात, पुण्याचा एक जण टेबलावर आला होता तो पहिला तासभर गोंधळला.) मावसभाऊ म्हणाला, "थांब. एक प्रश्न काढतो. ओढ्याचं पाणी नितळ हाय का गढूळ?"

मी याचा विचारच केला नव्हता. पण खरं उत्तर द्यायचं तर द्यावं लागतं. वरच्या अंगाला शत्रूची घोडदळाची तुकडी आहे हे माझ्या वहीत होतं. म्हणून म्हटलं, "गढूळ. पण सगळं न्हाय. तुमच्या बाजूच्या काठानं गढूळ पट्टा वाहतोय, मधली धार नितळ हाय."

तो गप्प झाला. मग हळू म्हणाला, "पाऊस दुपारी थांबलाय. आत्तापर्यंत पाणी निवळायला पायजे. वर कुणीतरी काठाला उतरलंय. आत्ताच. घोडी पाजायला आणल्यात." वहिनीनं हातातला डी२० खाली ठेवला. फायटर म्हणाला, "आपल्याच बाजूला?" "आपल्याच बाजूला." पंखा तेवढा फिरत होता. मग चौघांनी वीस मिनिटं भांडून ठरवलं की ओढा ओलांडायचा नाही, कड्याच्या पोटातून जायचं. किंमत: सगळ्यांना थकव्याची एक पातळी, आणि शिध्याचं खेचर मागं सोडायचं. त्या रविवारी मोबाईल कुणाच्या हातात नव्हता. आणि त्या वीस मिनिटांत रेंजरनं एकही बाण मारला नव्हता.

सातव्या लेव्हलला आडवाट आहे: लाँग रेस्टमागं (पात्रांच्या लांब विश्रांतीमागं) एकदा, डीएमनं एकच वाट दाखवली असेल तिथं वाटाड्या म्हणू शकतो, "दुसरी हाय." दुसरी असतेच, नियम म्हणून. तिची किंमत डीएम ठरवतो: वेळ, शिधा, थकवा किंवा आवाज, यातलं एक. चारही सांगून घाबरवायचं नाही, मी ती चूक केली आणि आडवाट कुणी घेईनाच. अकराव्या लेव्हलला उरलेला प्रश्न लढाईच्या तोंडावर खर्च करून दोन साथीदारांच्या इनिशिएटिव्हची (लढाईतल्या पाळीच्या क्रमाची) अदलाबदल करता येते. पंधराव्यावर आम्ही अजून पोचलो नाही, त्यामुळं लिहिलेलं आहे पण दाखवण्यासारखं नाही.

डीएमला रान ठाऊक नसेल तर

हा आर्किटाईप वापरणाऱ्यांची पहिली अडचण हीच येणार. प्रश्न आला की उत्तर ठोस द्यायचं, आणि शहरात वाढलेल्या माणसाकडं ठोस असतंच असं नाही. मी एका कार्डावर काही खुणा लिहून ठेवल्यात. पायवाटेवर आडवं कोळ्याचं जाळं शाबूत असेल तर ते विणल्यापासून तिथून माणसाच्या उंचीचं कुणी गेलेलं नाही. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, आणि ते एकसारखं भुंकत असेल तर त्याला काहीतरी दिसलंय किंवा वास आलाय. वानरं झाडावरून खकरायला लागली की त्यांची तोंडं कुठं आहेत ते बघायचं, धोका तिकडं. वारूळ ताजं उकरलेलं असेल तर अस्वल. ठशाच्या कडा धारदार असतील तर ताजा, ढासळल्या असतील तर जुना, ठशात पावसाचे थेंब उमटले असतील तर पावसाच्या आधीचा. रातकिडे एकदम गप्प झाले, तर काय ते सांगायला नको.

यातल्या प्रत्येक खुणेला अनोळखी जगाचं कातडं चढवता येतं. भेकराच्या जागी तुमच्या जगातला सहा पायांचा कोणी ठेवा, भुंकण्याच्या जागी शीळ. कारणाचा धागा तोच ठेवा. खेळणाऱ्याला एकदा तो धागा कळला की पुढच्या वेळी तो स्वतःच ओढतो, आणि तुम्हाला आयता प्रसंग मिळतो.

माग काढण्याचे आकडे नियमपुस्तकातलेच वापरा, ते चांगले आहेत: मऊ जमिनीवर १०, माती-गवतावर १५, उघड्या कातळावर २०, दर दिवसाला ५ जादा. फक्त रोल फसला तर "काही सापडलं नाही" म्हणू नका. माग सापडतो, पण तो जिकडं जातो तिकडं जायला तुम्हाला आवडणार नाही, असं सांगा.

प्राणी पाळणारा

दुसरी कायमची तक्रार. २०१४ च्या बीस्ट मास्टरला प्राण्याला हल्ला करायला लावायचं तर स्वतःची अ‍ॅक्शन मोडावी लागे. म्हणजे लांडगा चावणार आणि मालक बघत उभा. २०२० च्या पर्यायात ते बोनस अ‍ॅक्शनवर आलं, जमिनीवरच्या प्राण्याची आयुशक्तीही (हिट पॉइंट्स) ५ अधिक लेव्हलच्या पाचपट झाली. गणित सुधारलं, तरी टेबलावर तो प्राणी बऱ्याचदा एक जादा डाइस एवढाच उरतो.

आपल्याकडच्या धनगराचं कुत्रं बघा. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवलेल्या असतात, कुत्रं कळपाच्या कडेला पडलेलं असतं, झोपल्यासारखं. मालक त्याला दर सहा सेकंदांनी हुकूम देत नाही. ते तिथं *आहे*, एवढ्यानंच लांडग्याचा बेत बदलतो.

म्हणून माझ्या आर्किटाईपमध्ये कुत्र्याला पाळी नाही आणि डाइसही नाही. त्याच्याभोवती १० फुटांचं वर्तुळ. तिथं शत्रूला लपताना डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि तिथून बाहेर पडायला दुप्पट चाल. मालकाच्या पाळीला, फुकटात, शीळ घालून कुत्रं ३० फूट हलवता येतं. बस. लढाईत मावसभावाचा निर्णय आता "चावू दे" हा नसतो, "कुत्रं कुठं ठेवू" हा असतो, आणि त्यावर सगळे सल्ले देतात.

आयुशक्ती शून्यावर आली की कुत्रं मरत नाही, पळून जातं आणि पहाटे लंगडत परत येतं. या नियमावर माझ्याशी वाद घालू नका. एकदा मरू दिलं होतं, तर सेशन तिथंच संपलं आणि वहिनीनं मला जेवायला वाढताना तोंड वळवलं.

रात्रीच्या रेंजरबद्दल थोडक्यात: २०१७ चा ग्लूम स्टॉकर सगळ्यांना आवडतो, कारण इनिशिएटिव्ह पडल्यावर काय करायचं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. अडचण एकच, अंधारात तो डार्कव्हिजनवाल्यांना (अंधारात बघू शकणाऱ्यांना) दिसत नाही, पण पार्टीतल्या माणसाच्या हातात मशाल असते. मी त्याचा जागल्या केला: मशाल विझवायची का ठेवायची हे तो सांगतो, विझवली तर पहिल्या फेरीत एका साथीदाराला त्याच्या डोळ्यांनी दिसतं. चालतंय.

दुरुस्ती झाली का हे कसं ओळखायचं

फाउंड्रीत एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर रिजेक्शन कशानं घटलं ते कळत नाही. इथंही तसंच. एक वैशिष्ट्य बदला, दोन सेशन खेळा. कागदाच्या मागं एकच मोजा: इतर खेळाडू किती वेळा रेंजरकडं वळून काहीतरी विचारतात. डॅमेज मोजू नका. माझ्या जुन्या आर्किटाईपमध्ये अख्ख्या रविवारी कागद कोरा राहायचा. त्या ओढ्याच्या रात्री रेघा मारायला जागा पुरली नाही.

एक खोट अजून तशीच आहे. नवव्या लेव्हलला विझर्डकडं पाचव्या पातळीचे मंत्र येतात, त्यात क्षणात लांब पोचवणारं टेलिपोर्टेशन सर्कल असतं, आणि नेहमीच्या मोठ्या शहरांमधल्या वाटा संपतात. वहिनीनं दोन वेळा आख्खी पार्टी थेट राजधानीत नेऊन ठेवली आणि वाटाड्याचे तीनही प्रश्न गाठीलाच राहिले. शहरात सर्व्हायव्हलऐवजी दुसरा कुठला रोल लावावा, यावर मी आणि मावसभाऊ अजून भांडतोय. त्याचं म्हणणं, महाद्वार रोडला गर्दीच्या दिवशी वाट काढणं हे सर्व्हायव्हलच आहे. तोवर मी मोहिमा आठव्या लेव्हलला संपवतो.